शिष्टाई आणि सख्य

एखादा बेत पार फसला म्हणजे मराठी मनुष्य 'पानिपत झाले' एवढेच म्हणतो आणि पुढे स्वस्थ बसतो. पानिपत कोठे आहे, १४ जानेवारी १७६१ ह्या दिवशी तेथे कोण कोणाशी लढले, किती घरांतील कर्ते पुरुष परत आले नाहीत, ह्यांतील एक अक्षरही तो उच्चारीत नाही. उच्चारण्याची गरजही नसते. ऐकणारा नुसती मान हलवतो, आणि मनातील सारे दुःख दोन शब्दांत एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते. स्नेह्याने प्रेमाने आणलेली क्षुल्लक भेट 'सुदाम्याचे पोहे' होते, कितीही वाढले तरी न सरणारे अन्न 'द्रौपदीची थाळी' होते, अंगावर एकही दागिना नसलेली सुवासिनी 'लंकेची पार्वती' होते, आणि कागदावरील एका अक्षराने घात झाला की कोणीतरी 'ध चा मा' म्हणून सुस्कारा टाकतो. आपण शब्दांनी बोलतो असे आपणांस वाटते. वस्तुतः पुष्कळदा आपण गोष्टींनी बोलत असतो.

परक्याच्या कानी हे बोलणे पडले तर त्याची काय अवस्था होईल? ह्याची कल्पना करण्यास लांब जावयास नको. कोल्हापूरहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने कागलपर्यंत यावे. तेथे कागल आणि हातकणंगले ह्या दोन तालुक्यांच्या भूमीवर पंचतारांकित एमआयडीसी वसलेली आहे. 'पंचतारांकित' हा शब्द ऐकून नवख्याच्या डोळ्यांपुढे मोठे हॉटेल उभे राहील. परंतु येथील तारे कारखानदारीच्या सोयींचे आहेत, गाद्यागिर्द्यांचे नव्हेत. ओतकाम, यंत्रकाम, कापड अशा नाना उद्योगांच्या छपराखाली येथे पाळ्या चालतात. पाळी सुटली की फाटकाबाहेर जो घोळका पडतो, त्यात पंचक्रोशीतील मराठी बोलणारे असतात, दूधगंगेपलीकडून, निपाणीच्या बाजूने, येणारे कानडी बोलणारे असतात, आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा ह्या दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले तरुणही असतात.

समजा, ह्यांपैकी एखादा ओडिया तरुण मोठ्या हौसेने मराठी शिकला. शब्दकोशही त्याने जवळ ठेवला. आणि एके दिवशी मुकादम कपाळाचा घाम पुसून म्हणाला, 'अरे, हे काम म्हणजे मारुतीचे शेपूट झाले!' तरुणास मारुती ठाऊक आहे, शेपूट हा शब्दही कोशात सापडतो. परंतु समोर तर लोखंडाचे सुटे भाग पडलेले आहेत. मारुती कोठे, शेपूट कोठे? शब्द सगळे कळले आणि अर्थ मात्र हातचा निसटला. लंकेतील ती कथा आणि ते लांबत जाणारे शेपूट ज्याच्या मनात मुकादमाप्रमाणेच चटकन उभे राहते, त्यालाच ते वाक्य उघडते.

नेमकी हीच अडचण घेऊन अमेरिकेत एक सुंदर विज्ञानकथा दूरचित्रवाणीसाठी रचली गेली. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ह्या मालिकेतील हा भाग ३० सप्टेंबर १९९१ रोजी प्रथम दाखवण्यात आला. त्याचे नाव 'डार्मॉक'. पटकथा जो मेनोस्की ह्यांची. यानाचा नायक कॅप्टन पिकार्ड ह्याची भूमिका पॅट्रिक स्ट्युअर्ट ह्यांनी, आणि परक्या जातीचा नायक डेथॉन ह्याची भूमिका पॉल विनफील्ड ह्यांनी केली आहे. विज्ञानकथा म्हटली की आगीचे लोळ आणि किरणांची शस्त्रे, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हा भाग अवश्य पाहावा. त्यात शस्त्रे आहेत, एक हिंस्र श्वापदही आहे. परंतु खरा विषय आहे शिष्टाई, आणि शिष्टाईच्या मुळाशी असणारे सख्य.

कथा अशी. टामेरियन नावाची एक परकी जात आहे. तिच्याशी मानवांची शंभर वर्षांत सात वेळा गाठ पडली. एकदाही भांडण झाले नाही, आणि एकदाही बोलणे झाले नाही. मानवांपाशी सर्व भाषांचे भाषांतर करणारे यंत्र आहे. ते टामेरियनांचे शब्द चोख उलगडते. परंतु बाहेर पडतात ती नुसती माणसांची आणि गावांची नावे. अमका तमक्या ठिकाणी, अमक्याचे बाहू पसरलेले, तमका भिंती कोसळल्या तेव्हा, असे ते बोलतात. पिकार्ड सभ्यपणे मैत्रीचा प्रस्ताव मांडतो, तर पलीकडचे लोक एकमेकांकडे पाहून खिन्न होतात. त्यांचेही बोलणे व्यर्थ जाते.

तेव्हा डेथॉन एक विलक्षण गोष्ट करतो. त्याचा दुय्यम अधिकारी विरोध करीत असताही तो दोन खंजीर हाती घेतो, आणि आपल्या यंत्रसामर्थ्याने स्वतःस व पिकार्डास खालच्या निर्जन ग्रहावर उतरवतो. त्याचे यान वरती असा काही अडसर निर्माण करते, की पिकार्डाच्या माणसांना त्यास परत उचलून घेता येऊ नये. डेथॉन एक खंजीर पिकार्डापुढे धरतो. पिकार्डास वाटते, हे द्वंद्वाचे आव्हान आहे. तो खंजीर नाकारतो. रात्र पडते. थंडी वाढते. पिकार्डास काही केल्या अग्नी पेटवता येत नाही. पलीकडे डेथॉनची शेकोटी चांगली धगधगत असते. तो पिकार्डाकडे पाहतो, 'बाहू पसरलेल्या' कोणा दात्याचे नाव घेतो, आणि एक जळते लाकूड त्याच्याकडे फेकतो. परस्परांना कळलेला पहिला शब्द तो हा. तो कानांनी नव्हे, उबेने कळला.

दुसऱ्या दिवशी श्वापद चालून येते. आता पिकार्डाच्या ध्यानी येते की खंजीर त्याच्याशी लढण्यासाठी नव्हता, त्याच्या बरोबरीने लढण्यासाठी होता. टामेरियनांच्या पुराणांत डार्मॉक आणि जलाड असे दोन वीर होते. ते तनाग्रा नावाच्या बेटावर निरनिराळ्या वाटांनी आले, तेथे एकाच श्वापदाशी दोघे मिळून लढले, आणि बेटावरून निघाले ते एकत्र. डेथॉनला आपले मनोगत सांगता येईना, म्हणून त्याने ती कथाच पुन्हा घडवून आणली. ज्या गोष्टीवाचून शब्द मुके होते, ती गोष्ट दोघांनी मिळून जगावी, म्हणजे एक तरी वाक्य दोघांच्या मालकीचे होईल, असा हा डाव होता. डावास लावले होते स्वतःचे प्राण.

येथे कथाकाराने एक मर्मभेदक प्रसंग योजला आहे. श्वापद दोघांवर तुटून पडले असता, नेमक्या त्याच क्षणी पिकार्डाचे सहकारी यंत्राच्या साह्याने त्यास वर ओढून घेण्याचा प्रयत्न करतात. हेतू प्रामाणिक आहे. आपला नायक वाचावा एवढीच तळमळ आहे. तो प्रयत्न फसतो. परंतु तेवढा वेळ पिकार्डाचे शरीर त्या किरणांत अडकून पडते, आणि डेथॉन एकटा श्वापदाच्या तावडीत सापडतो. त्यास प्राणांतिक जखमा होतात. म्हणजे डेथॉनचा घात शत्रुत्वाने केला नाही. तो न समजता केलेल्या साह्याने केला. राजकारणाच्या इतिहासात अशा साह्याची उदाहरणे शोधू म्हटल्यास फार वाट पाहावी लागणार नाही.

मग ती दुसरी रात्र येते. डेथॉन शेकोटीपाशी पडलेला आहे आणि पिकार्डाकडे एक गोष्ट मागतो आहे. पिकार्ड त्यास गिल्गमेशाची कथा सांगतो. ही कथा आपल्याच पृथ्वीवरची, प्राचीन बाबिलोन देशाची. निनवे येथील राजा असुरबनिपाल ह्याच्या ग्रंथालयात ती मातीच्या विटांवर कोरलेली सापडली, आणि १८७२ साली जॉर्ज स्मिथ ह्या विद्वानाने तिच्यातील जलप्रलयाचा भाग वाचून जगास चकित केले. राजा गिल्गमेश आणि रानात वाढलेला एन्किडू ह्यांची पहिली भेट झुंजीने होते, झुंजीतून मैत्री जडते, दोघे मिळून एका राक्षसाशी लढतात, आणि पुढे एन्किडू मरतो तेव्हा गिल्गमेशाचा शोक आवरत नाही. डेथॉनला कथेतील किती शब्द कळले असतील? परंतु ती कोणाची कथा आहे, हे त्यास पुरते कळते. ती ऐकता ऐकता तो प्राण सोडतो.

इकडे वर दोन्ही यानांत युद्ध पेटते. पिकार्डाचा दुय्यम अधिकारी तो अडसर शस्त्रबळाने फोडतो. पिकार्ड परत येतो, परंतु टामेरियनही चवताळून प्रतिहल्ला करतात, आणि पिकार्डाचे यान नष्ट होण्याच्या बेतास येते. तेव्हा पिकार्ड पुढे होतो आणि त्यांच्याच रीतीने, नावांच्या भाषेत, घडले ते सांगतो. डेथॉनची रोजनिशी आणि खंजीर तो परत करू पाहतो. ते लोक रोजनिशी घेतात. खंजीर त्याच्यापाशीच राहू देतात. आणि त्यांचा अधिकारी आपल्या भाषेत एक नवे वाक्य दाखल करून घेतो : पिकार्ड आणि डेथॉन, त्या ग्रहावर. युद्ध थांबते. तह झाला असे म्हणता येत नाही, मैत्री झाली असेही म्हणता येत नाही. परंतु पुढच्या भेटीस उपयोगी पडेल असा एक शब्द दोहोंकडे शिल्लक राहतो. शेवटच्या प्रसंगी पिकार्ड प्राचीन ग्रीक स्तोत्रांचे पुस्तक वाचीत बसलेला दिसतो. परक्याच्या कथा समजावयाच्या तर आधी आपल्या घरच्या कथा ठाऊक पाहिजेत, हे त्यास उमगले आहे.

ह्या कथेवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो बिनतोड दिसतो. जी जात केवळ पुराणकथांच्या दाखल्यांनी बोलते, ती अंतराळयान कसे बांधील? 'तो पाऊण इंची पाना इकडे दे' हे ती कोणत्या वीराच्या नावाने सांगेल? ह्याचे उत्तर कागलच्या एमआयडीसीत मिळण्यासारखे आहे. तेथे ड्रॉइंगचा कागद सर्वांची भाषा असतो. व्यास किती, खोली किती, किती मायक्रॉनपर्यंत चूक चालेल, हे आकडे मराठी, कानडी आणि ओडिया ह्या तिघांनाही सारखेच वाचता येतात. लोखंडास भाषांतर लागत नाही. परंतु बाजूच्या यंत्रावरील सोबत्याची आई गावी वारली आणि तो चार दिवसांनी कामावर परतला, म्हणजे त्यास काय म्हणावे, हे कोणत्याही ड्रॉइंगवर काढलेले नसते. रागाने गेलेला शब्द कसा परत घ्यावा, ज्याचा विश्वास बसत नाही त्यास विश्वास कसा द्यावा, हे मोजपट्टी सांगत नाही. व्यवहार आकड्यांनी चालतो. भरवसा गोष्टींनी बसतो. टामेरियन आपली याने आकड्यांनीच बांधीत असतील, असे समजण्यास काहीच हरकत नाही. अडले ते भरवशापाशी.

आपल्याकडील शिष्टाईची जी आदर्श कथा, तीही हेच सांगते. 'कृष्णशिष्टाई' हा आपला रोजचा शब्द आहे. पांडवांचा सखा हस्तिनापुरास गेला, तेव्हा दुर्योधनाने त्याच्या भोजनाची जय्यत तयारी केली होती. कृष्णाने ते अन्न नाकारले आणि तो विदुराच्या घरी जेवला. प्रेम असेल तर परक्याचे अन्न खावे, किंवा आपत्ती असेल तर खावे. येथे दोन्ही नाहीत, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. दूताचा मान, मेजवानी, आसन, सारे काही यथासांग होते, आणि तरीही शिष्टाई फसली. कारण दुर्योधनास तह ऐकावयाचा नव्हता. एका बाजूने कितीही जळती लाकडे फेकली, तरी दुसऱ्या बाजूने एक तरी उचलावे लागते.

मात्र जेथे दोन्ही बाजूंनी हात पुढे आला, असे उदाहरणही ह्याच परिसरात आहे, आणि ते पुराणातले नव्हे. पूर्वीच्या कागल जहागिरीत माणगाव नावाचे गाव होते. ते आज हातकणंगले तालुक्यात आहे. तेथे २१ व २२ मार्च १९२० ह्या दिवशी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय वर्षे २८. त्या परिषदेस कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज, वय वर्षे ४५, स्वतः आले, आणि ह्या समाजास त्याचा पुढारी मिळाला आहे असे त्यांनी भर सभेत सांगितले. महाराजांचा जन्म कागलच्याच घाटगे घराण्यातला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. एक गादीचा धनी, दुसरा अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुळातील विद्वान. त्या काळच्या समाजात ह्या दोघांमधील अंतर दोन ग्रहांमधील अंतराहून थोडे नव्हते. ते कापण्यास महाराज आधी मुंबईस परळच्या चाळीत आंबेडकरांच्या घरी गेले होते. त्याच वर्षी ३१ जानेवारीस निघालेल्या 'मूकनायक' पत्रास त्यांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. माणगाव हे त्या स्नेहाचे जाहीर वाक्य झाले.

हुकूम काढणे महाराजांच्या हाती होते आणि तो त्यांनी काढलाही होता. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील नोकऱ्यांपैकी शेकडा ५० जागा त्यांनी राखून ठेवल्या. हुकुमाची भाषा कलमांची असते, ती आकड्यांसारखी स्पष्ट असते, आणि तिच्यावाचून भागत नाही. परंतु गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थाने कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले आणि तेथे कोणी फिरकेना, तेव्हा त्या हॉटेलापाशी गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा घेणे, आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावयास लावणे, ह्याला कोणत्या हुकुमाची भाषा पुरी पडली असती? हुकूम माणसास नोकरी देऊ शकतो. तुझ्या हातचे मला चालते, हे सांगण्यास तोंडाला कप लावावा लागतो. आज कोल्हापुरात 'गंगारामचे हॉटेल' म्हटले की जाणत्यास पुढचे काही सांगावे लागत नाही. टामेरियनांच्या भाषेत हे एक संपूर्ण वाक्य झाले असते.

ह्या स्नेहास आयुष्य थोडेच लाभले. आंबेडकर त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास विलायतेस गेले, आणि ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. परंतु डेथॉन मेला तरी वाक्य मागे राहिले, तसेच येथेही झाले. 'माणगाव परिषद' हे शब्द शंभर वर्षांनंतरही आपला अर्थ सांभाळून आहेत. त्यांचा उच्चार होताच दोन माणसे एका मांडवात बसलेली डोळ्यांपुढे येतात.

कागलच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर जी सीमा आहे, तिचा वाद १९५६ सालच्या प्रांतरचनेपासून चालत आला आहे. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. नकाशा, जनगणना, कलमे, हे त्या वादाचे शब्द होत. ते आवश्यक आहेत, आणि निकाल त्यांनीच लागावयाचा. परंतु निकाल कसाही लागो, नदीच्या दोन्ही काठांवरील माणसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच पाळीवर यावयाचे आहे. तेथे उपयोगी पडते ती शिष्टाई दरबारी नव्हे. दुपारच्या सुटीत डबा उघडून भाकरीचा तुकडा पुढे करणाऱ्याची ती शिष्टाई होय. ती करण्यास अधिकारपत्र लागत नाही. थोडे धाडस मात्र लागते. पुढे केलेला हात नाकारला जाण्याची शक्यता असतेच. डेथॉनचा खंजीरही प्रथम नाकारला गेला होता.

तेव्हा आरंभी कल्पिलेल्या त्या ओडिया तरुणाकडे पुन्हा वळावे. समजा, महिना दोन महिने लोटले. एका अवघड कामापायी सारी तुकडी रात्रभर यंत्रापाशी जागली, कोणी चहा आणला, कोणी दुसऱ्याच्या हातातले ओझे न सांगता उचलले. पहाटे काम संपत आले असे वाटते तोच आणखी एक खेप निघाली, आणि ह्या वेळी तो तरुणच हसून म्हणाला, 'मारुतीचे शेपूट!' सारे खदखदून हसले. त्याने कोश उघडला नव्हता. त्या रात्रीने त्यास अर्थ सांगितला होता. एवढे झाले तरी अर्धेच काम झाले असे म्हटले पाहिजे. उरलेले अर्धे मुकादमाकडे आहे. त्याने चहाचा कप पुढे करावा आणि विचारावे, 'अशा वेळी तुमच्या गावाकडे काय म्हणतात रे?' आणि मग ती गोष्ट मन लावून ऐकावी.